ब्राउन बेल्टवरून पुन्हा पांढरा

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. आठवीत शोतोकान कराटे सुरू केलं, सात वर्षं केलं, ब्राउन बेल्टपर्यंत आले. ब्लॅक बेल्टच्या तयारीत हंगेत्सु हा काता (ठरावीक हालचालींचा क्रम) शिकत होते, तेवढ्यात नोकरी लागली आणि सगळं सुटलं. आता मी ३९ वर्षांची आहे, ठाण्याला राहते, मुलगी ११ वर्षांची. दोघींनी मिळून पुन्हा सुरू करायचं ठरवलं. घरापासून चालत जाता येईल असा, कराटेच्याच दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे गोजू-र्‍यूचा क्लास आहे. तिथल्या सरांनी माझा पवित्रा पाहून विचारलं, "एवढे पाय फाकवून उभं राहून करणार काय?" आणि पांढरा बेल्ट बांधायला सांगितला. दोन महिने झाले, आम्ही आखूड पावलं टाकत श्वास घ्यायला शिकतोय. कोल्हापूरच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "ते कराटे नव्हे, नुसतं फुसफुस करणं." शोतोकानच हवं तर भांडुपला जावं लागेल, जाऊन-येऊन दीड तास. डावा गुडघाही अधूनमधून दुखतो. खरं कराटे कुठलं? मी सात वर्षं चुकीचं शिकले का? आणि मुलीला कुठे घालू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

आधी उत्तर देते, मग कारणं. तुमची सात वर्षं चुकीची नव्हती. घराजवळचा क्लास निदान आणखी सहा महिने सोडू नका. पांढरा बेल्ट बांधा. आणि कोल्हापूरच्या सरांशी वाद घालू नका, ते त्यांच्या जागी प्रामाणिक आहेत.

दोन्ही सरांनी तुम्हाला जे ऐकवलं, ते मीही दोन्हीकडून ऐकलंय. शोतोकानची १४ वर्षं झाल्यावर मी गोजूच्या डोजोत, म्हणजे क्लासमध्ये, पाऊल ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी सरांनी मला सांचिन या काताच्या पवित्र्यात उभं केलं. उजवा पाय अर्धगोल काढत पुढे, पुढच्या टाचेची रेघ मागच्या पायाच्या बोटांशी जुळलेली, बोटं किंचित आत, गुडघे सैल. एवढासा पवित्रा, मला वाटलं यात काय आहे. त्यांनी मागून माझ्या खांद्यांवर तळवे ठेवून दाबलं, मी हलले नाही. समोरून छातीला रेटा दिला, तरी हलले नाही. मग बाजूला येऊन त्यांनी माझ्या कमरेला दोन बोटं लावली, जोरही फारसा लावला नाही, आणि मी एक पाऊल बाजूला गेले. समोरून येणारा जोर झेलायला मी १४ वर्षं शिकले होते. कोणी बाजूने हात लावेल, याची माझ्या शरीराला सवयच नव्हती.

त्या रात्री मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं, की एवढी वर्षं फुकट गेली. पुढे काही महिन्यांनी त्याच डोजोत उलटं घडताना पाहिलं. तिथली एक चांगली तयार मुलगी, सांचिनमध्ये खांबासारखी घट्ट उभी राहणारी, माझ्यासमोर कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीच्या सरावाला, उभी राहिली. मी दोन मीटरवरून झेप घेऊन ओई-झुकी, म्हणजे पुढे पाऊल टाकत ठोसा, मारला, आणि माझी मूठ तिच्या छातीपाशी थांबेपर्यंत तिचे पाय जागचे हलले नव्हते. एवढं अंतर एका पावलात कापता येतं, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी 'खरं कराटे कुठलं' हा प्रश्न विचारायचं सोडलं. कुठला व्यायाम कशासाठी आहे, हे विचारायला लागले.

हे दोन मार्ग वेगळे का झाले, ते कळलं की तुमचा अर्धा गोंधळ मिटेल, म्हणून थोडं ओकिनावाला जाऊ या. ओकिनावा हे १८७९ पर्यंत र्‍यूक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. शुरी ही त्याची राजधानी, नाहा हे बंदर. दोन्हींमध्ये जेमतेम काही किलोमीटरचं अंतर, आणि आज तर शुरी नाहा शहरातच येतं. तरी शुरीच्या सरदार-दरबारी मंडळींत वाढलेली हाताची विद्या आणि नाहा बंदराकडची विद्या यांचा बाज वेगळा राहिला. आपल्याकडे मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांनी किराण्याचा सूर रुजवला आणि जवळच कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांनी जयपूरची पेचदार लय. मिरज-कोल्हापूर तर शुरी-नाहापेक्षा लांब आहे. रागाची चौकट तीच, पण शिष्याने पहिली पाच वर्षं कशावर घालवायची, याचं उत्तर वेगळं. कराटेतल्या 'र्‍यू'चा अर्थ घराणं असाच समजा.

नाहाकडचे हिगाओन्ना कानर्‍यो १८७०च्या दशकात चीनमधल्या फुजौला गेले आणि तिथून सांचिन घेऊन आले. त्यांच्याकडे येणाऱ्या पोराला वर्षानुवर्षं सांचिनच करावं लागे. उघड्या अंगाने उभं राहायचं, गुरू मागून-पुढून हात फिरवून, थापट्या मारून बघणार, कुठे सैल आहे, कुठे उगाच ताठ आहे. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी या परंपरेला गोजू हे नाव दिलं. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मऊ. बुबिशी नावाच्या जुन्या हस्तलिखितात श्वास घेणं-सोडणं म्हणजे मऊ आणि कठीण होणं, अशा अर्थाची एक ओळ आहे, तिथून हे नाव आलं. तुमच्या कोल्हापूरच्या सरांना जी फुसफुस वाटली, त्या फुसफुशीवरूनच या घराण्याला नाव मिळालंय.

शुरीकडे गोष्ट वेगळी झाली. इतोसु आन्को यांनी १९०१ मध्ये कराटे प्राथमिक शाळेत नेलं. एका गुरूसमोर एक शिष्य, हे चित्र बदललं. एका मैदानात रांगेने उभी पोरं, एक-दोन-तीनच्या हाकेवर एकदम पडणारे हात. त्यांच्यासाठी इतोसुंनी पिनान नावाचे पाच छोटे काता बांधले. तुम्ही ज्यांना हेइआन म्हणता ते हेच. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी नावं जपानी कानाला सोपी केली, पिनानचा पहिला आणि दुसरा यांची अदलाबदल केली, आणि हे शिक्षण विद्यापीठांत पोचवलं. विशीतली पोरं, मोठे हॉल, लाकडी जमीन. फुनाकोशींचा मुलगा योशिताका याने पवित्रे आणखी लांब आणि खोल केले. युद्धानंतर १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन झाली, नाकायामा मासातोशी यांनी सगळ्या तंत्राची काटेकोर मांडणी केली, १९५७ पासून स्पर्धा सुरू झाल्या. लांबून झेप घेऊन एका फटक्यात गुण मिळवायचा, ही गरज त्यातून आली. तुम्ही कोल्हापूरच्या हॉलमध्ये "इच, नी, सान" म्हणत जे पुढे-मागे चालत होता, त्याचं मूळ हे आहे.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या नव्या सरांनी विचारलं, एवढं लांब उभं राहून करणार काय. प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तरही आहे. झेनकुत्सु-दाची, म्हणजे शोतोकानचा लांब पवित्रा, हा मारामारीत उभं राहायचा पवित्रा नाही. शोतोकानचा कुठलाही अनुभवी माणूस कुमितेत तसा उभा राहत नाही, त्याचे पाय जवळ असतात, टाचा हलक्या असतात. लांब पवित्रा हा मांड्या, नितंब आणि कंबर यांना शिकवायचा व्यायाम आहे: मागचा पाय जमीन ढकलतो, कंबर फिरते, ती फिरकी खांद्यातून मुठीत उतरते आणि शेवटच्या क्षणी सगळं शरीर एकदम आवळलं जातं. त्याला किमे म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. हालचाल मोठी करून शिकवली की चूक मोठी दिसते, दुरुस्त करता येते. रांगेत ४० मुलं असतील तर गुरूला हाच मार्ग सापडतो.

सांचिन-दाची हासुद्धा मारामारीत उभं राहायचा पवित्रा नाही. त्यातही कोणी लढत नाही. ओटीपोट वर घेतलेलं, कोपर बरगड्यांना चिकटलेले, पायाची बोटं जमीन पकडतायत, श्वास पोटातून. यातून शरीर शिकतं ते असं, की कोणी अंगाला भिडलं, धरलं, ढकललं, तरी आपला तोल आणि श्वास आपल्या ताब्यात राहावा. फटका लांबून येत नाही, समोरच्याच्या कुशीत उभं राहूनच मारायचा असतो. म्हणून कंबर फार फिरत नाही. मागे ओढलेली मूठ शोतोकानमध्ये कमरेशी येते, इथे वर छातीच्या बाजूला, काखेकडे जाते. तुम्ही दोन महिन्यांत शंभरदा ही मूठ खाली नेली असेल आणि सरांनी शंभरदा वर करायला लावली असेल. या सवयीला वेळ लागतो, मलाही वर्ष लागलं.

ब्लॉकमध्ये हा फरक मला सगळ्यात जास्त आवडतो. शोतोकानचा उची-उके एका हाताने, तीक्ष्ण, ठरलेल्या कोनात थांबतो, जणू दार आपटलं. गोजूत दुसरा हातही कामात असतो: एक हात आधी येणारा फटका वळवतो, दुसरा त्याच्या खालून येऊन त्याला चिकटतो आणि मग पकडायला, ओढायला मोकळा होतो. याचाच सराव म्हणून दोघं समोरासमोर मनगट मनगटाला लावून ढकलाढकली करतात, त्याला काकिए म्हणतात. तुमच्या क्लासमध्ये काकिए अजून सुरू झाली नसेल तर सरांना विचारा. लोकलच्या गर्दीत उभ्या असणाऱ्या बाईला दोन मीटरचं अंतर कधी मिळत नाही. मनगट धरलं तर काय करायचं, हे शरीराला काकिएइतकं चांगलं दुसऱ्या कुठल्या व्यायामाने शिकवलेलं मी पाहिलेलं नाही. तरी कुठल्याही घराण्याचं कराटे आलं म्हणजे रस्त्यावर काही होणार नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. आजूबाजूला लक्ष, मोठा आवाज आणि वेळेवर काढता पाय हे आधी, आणि मुलीलाही याच क्रमाने सांगा.

गोजूत आणखी एक गोष्ट येईल, ती म्हणजे अवजारांचा व्यायाम, होजो उंदो. चि-इशी म्हणजे लाकडी दांड्याच्या एका टोकाला बसवलेला दगड, तो मनगटाने फिरवायचा. निगिरी-गामे म्हणजे रुंद काठाची मातीची भांडी, वरून पाच बोटांनी काठ पकडून उचलायची आणि सांचिनच्या पावलांनी चालायचं. जसजशी पकड वाढेल तसतशी त्यात वाळू टाकायची. आपल्या तालमीत मुद्गल, करेला फिरवतात, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडच्या बऱ्याच डोजोंत चि-इशी घरीच बनवतात: जुन्या डब्यात सिमेंट, मध्ये फावड्याचा दांडा. वजन कमी ठेवा, एक-दीड किलोसुद्धा सुरुवातीला मनगटाला पुष्कळ होतं. आणि मुलीला सध्या यातलं काही देऊ नका.

आता तुमच्या हंगेत्सुकडे येते. पत्रातलं मला सगळ्यात आनंदाचं वाक्य तेच वाटलं. शोतोकानच्या सगळ्या कातांमध्ये हा जरा वेगळा पडतो, हे तुम्हाला तेव्हाही जाणवलं असेल. बाकी सगळं झपाझप, आणि हा सुरू होतो तो संथ. अर्धचंद्रासारखं पाऊल, गुडघे आत, श्वासाबरोबर हळूहळू येणारा ब्लॉक, तेवढाच हळू पंच, असं तीन वेळा. हा मुळात सेइसान नावाचा जुना काता, म्हणजे तेरा. फुनाकोशींनी त्याला हंगेत्सु, अर्धा चंद्र, हे नाव दिलं. हाच सेइसान गोजूत सेसान म्हणून आहे, उएची-र्‍यूत आहे, वादोतही आहे, ही आणखी दोन घराणी. घाट वेगळा, पण आज तुम्ही सांचिनमध्ये जी तीन पावलं टाकताय त्यांची आणि हंगेत्सुच्या पहिल्या तीन पावलांची ओळख पटवायला कोणा तज्ज्ञाची गरज लागणार नाही. घरी फरशीवर दोन्ही एकापाठोपाठ करून पाहा. ज्या ठिकाणी तुमचं शोतोकान सुटलं, जवळपास त्याच ठिकाणी तुमचं गोजू सुरू झालंय.

दुसऱ्या घराण्यात गेलं की पहिल्या गुरूशी दगाफटका केला, अशी एक खंत तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. कोल्हापूरच्या सरांच्या बोलण्यानंतर ती वाढली असणार. त्यावर मला मबुनी केनवा यांचं नाव घ्यायचंय. ते शुरीच्या इतोसुंकडे शिकत होते, आणि त्यांचे मित्र मियागी यांनीच त्यांना नाहाच्या हिगाओन्नांकडे नेलं. मबुनी दोन्हीकडे शिकले, दोन्ही शिक्षणं जपली आणि पुढे आपल्या घराण्याला नाव दिलं ते दोन्ही गुरूंच्या नावांतलं पहिलं अक्षर घेऊन: इतोसुंच्या नावातलं चिन्ह 'शि' असंही वाचलं जातं, हिगाओन्नांचं 'तो'. झालं शितो-र्‍यू. म्हणून शितोमध्ये पिनानही आहेत आणि सांचिन, सेसानही आहेत. कातांची संख्या इतकी मोठी, की शोतोकानचे २६ आणि गोजूचे १२ त्यापुढे थोडे वाटतात. हा विचार आपल्याला परका नाही. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ, तिघांकडे शिकले, आणि त्यांच्या गाण्याला कोणी भेसळ म्हटलं नाही. फुनाकोशींचेही आझातो आणि इतोसु असे दोन गुरू होते.

मात्र एक सावधगिरी. मबुनी दोन्ही वेगवेगळं नीट शिकले, दोन्हीची खिचडी केली नाही. तुम्हीही गोजूच्या क्लासमध्ये गोजूच करा, मूठ वर म्हणजे वर. हेइआन करायचे तर रविवारी सकाळी गच्चीवर, तुमच्या जुन्या पद्धतीने, पूर्ण लांब पवित्र्यात. एकाच तासात दोन्ही आलं की शरीर दोन्हीतलं अर्धं-अर्धं उचलतं. माझं असंच झालं होतं, ते सोडवायला फार त्रास पडला.

बाकीच्या घराण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ठाण्या-मुंबईत क्लास शोधताना नावं कानावर पडतील, म्हणून थोडक्यात. वादो-र्‍यू हे ओत्सुका हिरोनोरी यांचं, ते आधी जुजुत्सुचे जाणकार आणि मग फुनाकोशींचे शिष्य. तिथे फटका अडवण्यापेक्षा त्याच्या रेषेतून अंगच बाजूला काढायला आणि त्याच क्षणी उलट मारायला शिकवतात, जोर कमी, वेळ साधणं जास्त. उएची-र्‍यू गोजूचं चुलत भावंड म्हणता येईल, उएची कानबुन १८९७ मध्ये फुजौला गेले, तेही सांचिन घेऊन आले, पण मुठीपेक्षा उघड्या हाताचा वापर जास्त. शोरिन-र्‍यू ही शुरीची ओकिनावात राहिलेली शाखा, तिथले पवित्रे शोतोकानपेक्षा आखूड आणि सहज आहेत. शोतोकान लांब होण्याआधी कसं दिसत असेल याची कल्पना तिथे येते. आणि क्योकुशिन. ओयामा मासुतात्सु यांनी आधी शोतोकान केलं, मग गोजू केलं आणि त्यातून आपलं कठोर घराणं उभं केलं. तिथे फटका अंगावर पूर्ण जोराने बसतो, चेहऱ्यावर हाताने मारायला मात्र स्पर्धेत मनाई आहे. गुडघा दुखत असताना ३९ व्या वर्षी तिथून सुरुवात करा, असं मी म्हणणार नाही.

गुडघ्याबद्दल. घराणं बदलून तो बरा होईल या आशेवर राहू नका, आधी अस्थितज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. शोतोकानमध्ये गुडघा जातो तो बहुधा असा: कंबर जोरात फिरते, पण मागचं पाऊल जमिनीला चिकटून राहतं, आणि सगळी पिळवट मधल्या सांध्यात जाते. पुढचा गुडघा आत पडणं ही दुसरी चूक. सांचिनमध्ये याच्या उलट होतं, लोक 'आत दाब' ऐकतात आणि गुडघेच ओढून आत घेतात. दाब मांडीच्या आतून आणि नितंबातून यायला हवा, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहतो. शिको-दाची, म्हणजे पाय फाकवून बसका पवित्रा, फार खोल घ्यायचा सध्या हट्ट नको. सरांना पहिल्या दिवशीच गुडघ्याबद्दल सांगायला हवं होतं, सांगितलं नसेल तर उद्या सांगा. आणखी एक, सांचिनमध्ये अंग आवळताना श्वास कधीही कोंडायचा नाही. कोंडला की रक्तदाब एकदम वर जातो. चाळिशीच्या उंबरठ्यावर आहात, रक्तदाब मोजून घ्या, औषध सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचं सांचिन करू नका.

पांढऱ्या बेल्टचं दुःख मी समजू शकते. ब्राउन बेल्ट मिळवायला किती संध्याकाळी घातल्या असतील ते मला ठाऊक आहे. पण बेल्टची ही पद्धत ओकिनावाची नाहीच. कानो जिगोरोंच्या ज्युदोतून ती कराटेत आली, फुनाकोशींनी पहिल्या दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या, पदव्या दिल्या त्या १९२४ मध्ये. हिगाओन्नांच्या अंगणात सांचिन करणाऱ्या मुलांच्या कमरेला रंग नव्हते. गोजूचा पांढरा बेल्ट एवढंच सांगतो, की या घराण्याचे काता तुम्हाला अजून यायचेत, आणि ते खरं आहे. तुमचा ब्राउन बेल्ट शोतोकानचा आहे आणि तो तुमचाच राहील, तो कोणी परत मागितलेला नाही.

पण सरांकडूनही काही गोष्टींची खात्री करून घ्या. मी या बाबतीत हळवी आहे, कारण माझ्या तरुणपणी एका क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी पैसे भरून बेल्टचे रंग बदलत होते. परीक्षा म्हणजे रांगेत एकदा काता करायचा, दुरुस्ती कोणी करत नसे. तिथे दोन वर्षं गेली माझी. तुमच्या सरांना विचारा, हा हात असा का वळतो? चांगला गुरू तुम्हालाच समोर उभं करून, धरून, ढकलून दाखवेल. "परंपरा आहे" एवढंच म्हणून पुढे गेला तर मला काळजी वाटेल. नवख्या माणसाला सांचिनमध्ये उभं करून जोरात मारण्याची कोणाला हौस असेल, तर तिथून निघा. ती तपासणी हात ठेवण्यापासून सुरू होते, मारण्यापासून नाही, आणि मुलांवर तर नाहीच. परीक्षेची फी आणि वर्षातून किती परीक्षा, हे आधीच स्पष्ट विचारा. 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट' अशी पाटी असेल, तर घर कितीही जवळ असू दे, भांडुपचा दीड तास परवडला.

मुलगी तुमच्याबरोबरच असू दे. ११ व्या वर्षी तिला मोडायला जुन्या सवयी नाहीत, आणि आई शेजारच्या रांगेत पांढरा बेल्ट बांधून घाम गाळते आहे, हे ती रोज पाहील. दोन्ही घराण्यांत मुलांचा विचार झालेला आहे: शुरीकडे इतोसुंनी पिनान बांधले, तसे १९४०च्या सुमारास मियागींनी नवशिक्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी गेकिसाइ हे काता बांधले. तिला सांचिनची पावलं आणि साधा श्वास एवढंच पुरे, अंग आवळणं पुढे कधीतरी. तिची गंमत गेकिसाइमध्ये आहे, त्यात लाथ आहे, कोपर आहे, मुलांना तो आवडतो. स्पर्धेत उतरायचं असेल तरी घराणं आड येत नाही. जागतिक कराटे महासंघ शोतोकान, शितो, गोजू आणि वादो या चौघांनाही मानतो आणि कुमितेचे नियम सगळ्यांना तेच. २०२१ मध्ये टोकियोत कराटे ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा पुरुषांच्या कातामध्ये सुवर्ण मिळवलं ओकिनावाच्या कियुना र्‍यो यांनी, आणि ते या चारांतल्या कुठल्याच नाही, र्‍यूएइ-र्‍यू या छोट्या घराण्याचे आहेत. फक्त एवढं पाहा, की क्लासमध्ये कुमितेचा सराव ग्लोव्ह्ज घालून, नियमांनुसार, आठवड्यातून एकदा तरी होतो का. गोजूचे काही क्लास याकडे दुर्लक्ष करतात, आणि मग मुलं पहिल्याच स्पर्धेत अंतर चुकतात. तिथे तुमची सात वर्षं तिच्या कामी येतील. घरी, बैठकीतलं टीपॉय बाजूला सरकवून, तिला अंतर शिकवा. तुम्ही ओई-झुकी मारा आणि तिला मागे, बाजूला, आत सरकू द्या.

कोल्हापूरच्या सरांना पुन्हा फोन कराल तेव्हा गोजूची बाजू मांडू नका. त्यांना सांगा, हंगेत्सु पुन्हा सुरू केलाय, पहिल्या तीन पावलांत श्वास कुठे सोडायचा ते विसरले. ते तासभर बोलतील. आणि गोजूच्या सरांना एखाद्या दिवशी क्लास संपल्यावर तो हंगेत्सु पूर्ण करून दाखवा, पांढरा बेल्ट बांधूनच. ते काय म्हणाले, ते मला नक्की कळवा.